हिचच्या गोळ्याला ग्रीस लावावे की लावू नये?

अमेरिकेत आणि कॅनडात उन्हाळा सुरू झाला की पिकअप ट्रकच्या मागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचे ओढून न्यायचे घर, जोडून हजारो कुटुंबे राष्ट्रीय उद्यानांच्या वाटेला लागतात, आणि अलीकडे त्यांत तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही दिसतात. ट्रक आणि कॅम्पर यांना जोडणारा सांधा मात्र फार साधा असतो. ट्रकच्या मागच्या बाजूस बसवलेल्या जोडणीवर, म्हणजे हिचवर, एक पोलादी गोळा असतो आणि कॅम्परच्या पुढच्या टोकाला त्या गोळ्यावर बसणारा, आतून पोकळ असा कपलर असतो. गोळ्याचा व्यास बहुधा २ इंच किंवा २ ५/१६ इंच, म्हणजे सुमारे ५१ किंवा ५९ मिलिमीटर. आपल्या खुब्यातील उखळीच्या सांध्याप्रमाणे हा सांधाही तिन्ही दिशांनी फिरतो: वळणावर आडवा, चढ-उतारावर खाली-वर आणि खडबडीत रस्त्यावर एका कुशीवर. खुब्याच्या सांध्याला शरीर स्वतःच वंगण पुरवते. या पोलादी सांध्याला ते माणसाने पुरवायचे असते. ते पुरवावे की नाही याविषयी कॅम्परधारकांत दोन ठाम मते आहेत. एक पक्ष म्हणतो, कोरडा गोळा झिजतो आणि कुरकुरतो. दुसरा म्हणतो, थोडे घर्षण राहिलेले बरे, कारण त्यामुळे कॅम्पर मागे डोलत नाही. या वादाचा निकाल बऱ्याच अंशी गणिताने लावता येतो.

उदाहरणासाठी ३००० किलोचा कॅम्पर घेऊ. अमेरिकेतील प्रस्थापित नियमानुसार त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर यावा लागतो, म्हणजे ३०० ते ४५० किलो. मोठ्या कॅम्परना बहुधा भार वाटून देणारी हिच बसवतात. तिच्यातील स्प्रिंगच्या दांड्या ट्रकच्या पुढच्या चाकांकडे भार सरकवतात, पण त्या साखळ्यांनी कॅम्परची चौकट खाली ओढत असल्यामुळे कपलर गोळ्यावर आणखी जोराने दाबला जातो. हा दाब आपण ६००० न्यूटन धरू. एवढा भार गोळ्याच्या संपूर्ण वरच्या भागावर पसरलेला असतो असे वाटते, पण तसे नसते. गुळगुळीत दिसणारा पोलादी पृष्ठभागही सूक्ष्म पातळीवर उंचवट्यांनी भरलेला असतो आणि धातू धातूला केवळ या उंचवट्यांच्या शिखरांवर टेकतो. ही शिखरे भार पेलण्याइतकी चेपली जाईपर्यंत दबत राहतात. केंब्रिजमधील बाउडन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेल्या या विचारानुसार, साधारण २०० कोटी पास्कल कठीणपणाच्या पोलादावर ६००० न्यूटनचा भार पेलायला खरा स्पर्श होतो तो फक्त सुमारे ३ चौरस मिलिमीटर क्षेत्रावर. या इवल्या जागी धातूचे दोन भाग अक्षरशः एकमेकांना चिकटतात, आणि वळण घेताना हे चिकटलेले बिंदू तुटतात, तुटताना एका बाजूचा कण ओरबाडून दुसऱ्या बाजूला नेतात. वळणावर ऐकू येणारी कुरकुर आणि गोळ्यावर उमटणारे ओरखडे या दोहोंचे मूळ इथे आहे.

झिजण्याचा दुसरा प्रकार सरळ रस्त्यावरही चालू असतो. महामार्गावर सांधा फिरत नसला तरी इंजिनाच्या आणि रस्त्याच्या कंपनांमुळे तो मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतका सतत मागेपुढे घासला जातो. उघड्या पडलेल्या ताज्या धातूचा हवेशी संयोग होऊन लालसर तपकिरी भुकटी तयार होते. लोहाची ही ऑक्साइडे कठीण असल्यामुळे ती दोन पृष्ठभागांमध्ये अडकून झीज आणखी वाढवतात. कोरड्या वापरलेल्या कपलरच्या आत बोट फिरवल्यावर गंजासारखी जी पूड लागते ती केवळ पावसामुळे आलेली नसते.

आता डोलण्याचा मुद्दा. कोरड्या पोलादाचा घर्षणांक ०.६ आणि ग्रीस लावलेल्या पोलादाचा ०.१२ धरला, आणि घर्षणाचे बल गोळ्याच्या उभ्या अक्षापासून सरासरी २ सेंटिमीटरवर लागते असे मानले, तर कोरड्या सांध्यात वळण्यास विरोध करणारे आघूर्ण, म्हणजे पिळाचा जोर, सुमारे ७२ न्यूटन-मीटर येते आणि ग्रीस लावलेल्या सांध्यात सुमारे १४. हा आकडा पाचपट असल्याने मोठा वाटतो. पण कॅम्परची चाके गोळ्यापासून जवळपास ५ मीटर मागे असतात. तेवढ्या लांब तरफेच्या टोकाला ७२ न्यूटन-मीटरचा परिणाम १५ न्यूटनांपेक्षाही कमी, म्हणजे दीड किलो वजनाइतका आडवा जोर एवढाच उरतो. ३००० किलोचा कॅम्पर शेजारून जाणाऱ्या मालट्रकच्या हवेच्या झोताने डोलू लागला, तर दीड किलोच्या जोराने तो आवरणार नाही. डोलणे थांबवतात ते गोळ्यावरचा योग्य भार, कॅम्परमधील सामानाची मांडणी, टायरमधील हवा आणि वेग. जड सामान धुरीच्या मागे भरलेले असेल तर गोळा कितीही कोरडा ठेवला तरी धोका टळत नाही. त्यामुळे साध्या कपलरच्या बाबतीत माझे मत निःसंदिग्ध आहे: गोळ्याला वंगण लावावेच.

परंतु हेच वाक्य युरोपात जसेच्या तसे सांगितले तर ते घातक ठरू शकते. युरोपातील कॅराव्हॅनमध्ये ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर केवळ बसणारा नव्हे, तर त्याला आवळून धरणारा स्थिरकारी कपलर सर्रास वापरतात. जर्मनीच्या अल-को कंपनीचा एकेएस हा त्यातील प्रसिद्ध प्रकार आहे. त्याच्या आत ब्रेकच्या अस्तरासारखे घर्षणपट्टे असतात आणि ते ताकदवान स्प्रिंगच्या जोराने गोळ्याला दाबून धरतात. तिथे गोळ्यावरचा भार अमेरिकेपेक्षा बराच कमी, बहुतेकदा ७५ ते १०० किलोच्या आसपास ठेवला जातो, म्हणून डोलण्याची ऊर्जा सांध्यातच शोषून घेण्याची ही योजना उपयोगी पडते. घर्षण हेच त्या कपलरचे काम असल्यामुळे गोळा पूर्ण कोरडा आणि स्वच्छ असावा लागतो. नव्या गोळ्यावरचा रंगसुद्धा काचकागदाने घासून काढावा लागतो. एकदा का ग्रीस पट्ट्यांत मुरले, की ते घर्षण भरवशाचे राहत नाही. अमेरिकेतही डोलणे रोखण्यासाठी शेजारी वेगळी घर्षणदांडी बसवतात, आणि तिच्या पट्ट्यांना तेल किंवा ग्रीस लागू द्यायचे नसते. गोळ्याला ग्रीस लावणाऱ्या हाताने तीच दांडी पकडली तर ती निकामी होऊ शकते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

साध्या गोळ्याला कोणते वंगण लावावे, हे ठरवताना त्याची गती पाहावी लागते. मोटारीच्या इंजिनातील ५० मिलिमीटर जाडीच्या दंडाचा पृष्ठभाग मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला जवळजवळ ८ मीटर सरकतो. एवढ्या वेगाने तेल स्वतःच फटीत ओढले जाऊन दोन धातूंना पूर्णपणे वेगळे ठेवणारा थर निर्माण करते. जर्मन अभियंते रिचर्ड श्ट्रीबेक यांनी १९०२ च्या सुमारास वेग, दाट-पातळपणा आणि भार यांच्यानुसार घर्षण कसे बदलते हे प्रयोगांनी आलेखावर दाखवले. हिचचा गोळा त्या आलेखाच्या अगदी डाव्या टोकाला बसतो. चौकात वळताना कपलर ६० अंश फिरायला ६ सेकंद घेत असेल, तर घासण्याचा वेग सेकंदाला ३ ते ४ मिलिमीटरच भरतो, म्हणजे इंजिनातल्या वेगाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका. इथे तरंगता थर निर्माण होतच नाही. उंचवट्यांच्या शिखरांवर चिकटलेला काही रेणूंच्या जाडीचा थर हाच खरा राखणदार असतो, आणि बाकीचे सारे ग्रीस बाजूला ढकलले जाते. म्हणून गोळ्यावर ग्रीसचा ढीग थापण्यात काहीच अर्थ नाही. कडेने बाहेर आलेले ग्रीस धूळ आणि वाळू गोळा करते, आणि वाळूमिश्रित ग्रीस घासणीच्या मलमासारखे धातू कुरतडते.

चाकाच्या बेअरिंगसाठी वापरले जाणारे, घट्टपणाच्या मापात क्रमांक २ चे साधे लिथियम ग्रीस या कामाला चालते. ग्रीस म्हणजे बहुतांशी तेल आणि त्याला धरून ठेवणारा साबणाचा जाळीदार तंतूसमूह. १९४० च्या दशकापासून रुळलेल्या लिथियम साबणासाठी लागणारे मेदाम्ल एरंडेलापासून मिळवतात, आणि जगातील बहुतांश एरंडी भारतात, विशेषतः गुजरातेत पिकते. त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या हिचवरील ग्रीसचा काही अंश सौराष्ट्राच्या किंवा उत्तर गुजरातच्या शेतातून आलेला असण्याचा संभव बराच आहे. त्याच ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले असेल तर अधिक चांगले. या खनिजाचे स्फटिक पापुद्र्यांचे असतात, पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात आणि शिखरांवर चिकटून राहतात. जिथे वेग कमी आणि दाब जास्त, तिथे हाच गुण हवा असतो. काही ग्रीसमध्ये जास्त दाबासाठी मिसळलेल्या गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्यांना मात्र काम करायला घर्षणाची उष्णता लागते, आणि मंदगतीने फिरणाऱ्या गोळ्यावर ती फारशी निर्माण होत नाही.

लावण्याची रीत वंगणाइतकीच महत्त्वाची आहे. आधी जुने ग्रीस फडक्याने गोळ्यावरून आणि कपलरच्या आतून पूर्ण पुसून काढावे, कारण एक तर त्यात धूळ साचलेली असते, आणि दुसरे म्हणजे बेंटोनाइट मातीचे व लिथियमचे अशी वेगवेगळ्या घटकांची ग्रीसे मिसळली की मिश्रण पातळ होऊन गळून जाऊ शकते. मग बोटाने अगदी पातळ थर फिरवावा. कपलरच्या खटक्याला ग्रीसऐवजी पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. कॅम्पर सोडल्यावर गोळा उघडा ठेवू नये. रबरी टोपण नसेल तर टेनिसचा चेंडू चिरून त्यावर बसवण्याची तिकडची जुनी युक्ती उत्तम आहे. खारट पाण्याच्या कडेने जाणाऱ्यांनी पाण्याने सहज न धुतले जाणारे कॅल्शियम सल्फोनेटचे ग्रीस घ्यावे.

पुसताना गोळा नीट पाहावाही. त्यावर चपटा भाग, खोल ओरखडे किंवा निघालेला क्रोमचा थर दिसला, तर ग्रीस ती हानी भरून काढत नाही. युरोपातील ५० मिलिमीटरच्या गोळ्याचा व्यास कुठेही ४९ मिलिमीटरपेक्षा कमी झाला की तो बदलावा लागतो, आणि कॅलिपरने हे मोजायला एक मिनिटही लागत नाही. खटका बसवल्यावर जॅकने कॅम्परचे टोक थोडे वर उचलून पाहावे. कपलर ट्रकला घेऊन वर आला तर तो गोळ्यावर नीट बसला आहे, आणि एकटाच सुटून वर आला तर प्रवास सुरू करू नये.