वादग्रस्त राजकीय नेत्याचे मरणोत्तर मूल्यमापन

ज्याच्या कारकिर्दीविषयी समाजात टोकाची मते आहेत अशा राजकीय नेत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या निर्णयांचा आणि त्यांच्या परिणामांचा घेतला जाणारा लेखाजोखा. तो एका जागी किंवा एका वेळी होत नाही. मृत्युलेख, अंत्यसंस्काराचा दर्जा, पुतळे आणि रस्त्यांची नावे, चौकशी आयोगांचे अहवाल, खुली झालेली सरकारी दप्तरे, चरित्रे आणि शालेय पाठ्यपुस्तके अशा अनेक ठिकाणी तो चालू असतो आणि या सर्वांचा कौल क्वचितच जुळतो. या विषयातली सर्वांत मोठी गफलत म्हणजे चांगल्यातून वाईट वजा करून एकच उत्तर काढण्याचा हट्ट.

पहिले काही दिवस

मेलेल्याविषयी वाईट बोलू नये, हा संकेत बहुतेक समाजांत आढळतो. ग्रीक परंपरेत तो स्पार्टाच्या खायलॉन या ज्ञानी पुरुषाच्या नावावर आहे. आपल्याकडे अशा वेळी वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडातले ‘मरणान्तानि वैराणि’ हे रामाचे वचन हमखास आठवले जाते, पण त्यामागचा प्रसंग सहसा सांगितला जात नाही. रावणाचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण राजी नाही. भावाच्या दुष्कृत्यांचा पाढा तो रामापुढे वाचतो आणि राम त्यातले काहीही खोडून काढत नाही. रावण अधर्माने आणि असत्याने वागला हे तो मान्य करतो, तो तेजस्वी, बलवान आणि शूर होता हेही सांगतो आणि मग संस्कार करायला लावतो. म्हणजे वैर संपवले जाते, परीक्षण नव्हे. मृताला सन्मानाने निरोप देणे वेगळे आणि त्याच्या कृत्यांवर पांघरूण घालणे वेगळे, हा भेद त्या प्रसंगात स्पष्ट आहे.

नेत्याच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. घरच्यांच्या दुःखाचा मान राखलाच पाहिजे. पण गौरवाची भाषणे आणि स्मारकाच्या घोषणा त्याच दिवशी सुरू होत असतील, तर स्तुती तेवढी सभ्य आणि टीका मात्र असभ्य, असे म्हणता येत नाही. दोन्ही राजकीय कृतीच आहेत. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर ८ एप्रिल २०१३ रोजी वारल्या, तेव्हा लंडनच्या ब्रिक्स्टन भागात आणि ग्लासगोमध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन जल्लोष केला, तर १७ एप्रिलला सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला. तो जल्लोष अशोभनीय होताच. पण त्यांच्या कारकिर्दीतल्या १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपानंतर उजाड झालेल्या वस्त्यांतला राग खरा होता आणि एका अंत्ययात्रेसाठी तो गिळून टाका, असे त्या वस्त्यांना सांगणे सोपे नव्हते.

सरकारी इतमाम हा या काळातला सर्वांत ठळक निवाडा असतो. चिलीचा हुकूमशहा ऑगुस्तो पिनोचे १० डिसेंबर २००६ रोजी मरण पावला. राष्ट्राध्यक्षा मिशेल बाचेलेत यांच्या सरकारने त्याला राष्ट्रप्रमुखाचा मान नाकारला. माजी सरसेनापती म्हणून लष्करी मानवंदना तेवढी मिळाली. बाचेलेत यांचे वडील हवाई दलात जनरल होते आणि पिनोचेच्या राजवटीत, छळ सोसून, कोठडीतच वारले होते. पिनोचेविरुद्ध शेकडो तक्रारी दाखल होत्या, पण एकाही खटल्यात त्याला शिक्षा झालेली नव्हती. आरोपी मेला की फौजदारी खटला निकालात निघतो आणि न्यायालयाने जे ठरवायचे ते इतिहासावर येऊन पडते. जपानमध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर २७ सप्टेंबर २०२२ रोजी झालेला सरकारी अंत्यविधीही वादात सापडला, कारण तो संसदेत चर्चा न करता मंत्रिमंडळाने परस्पर ठरवला होता.

जुनी चाल

मृत राज्यकर्त्याचा निवाडा करण्याच्या रीतसर पद्धती फार जुन्या आहेत. रोममध्ये सम्राट मेल्यावर सिनेट त्याला देवत्व बहाल करू शकत असे किंवा त्याचे नाव पुसून टाकण्याचा ठराव करत असे. इ. स. ९६ मध्ये सम्राट डोमिशियनचा खून झाल्यावर त्याचे शिलालेख खोडण्याचा हुकूम निघाला. बर्लिनच्या संग्रहालयात लाकडी फळीवर रंगवलेले सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कुटुंबाचे एक गोल चित्र आहे. त्यात बाप, आई आणि एक मुलगा नीट दिसतात. दुसऱ्या मुलाच्या चेहऱ्याच्या जागी खरवडलेला डाग आहे. तो चेहरा गेटाचा, असे मानतात. त्याचा भाऊ काराकाला याने त्याला मारले आणि नंतर त्याच्या सर्व खुणा पुसायला लावल्या. इथे निवाडा देणारा आणि गुन्हेगार एकच होता. सत्तेवर बसलेल्याने केलेले मरणोत्तर मूल्यमापन वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

चीनमध्ये राजाला मृत्यूनंतर त्याच्या कारकिर्दीला साजेसे नाव देण्याची प्रथा होती आणि ते नाव निंदेचेही असू शकत असे. इ. स. पू. २२१ मध्ये सम्राट झालेल्या छिन शृ ह्वांगने ती बंद केली. मुलाने बापाची आणि प्रजेने राजाची पारख करावी हे त्याला मंजूर नव्हते. हान घराण्याच्या काळात प्रथा पुन्हा सुरू झाली.

निवाडा उलटण्याचे नमुनेदार उदाहरण इंग्लंडमध्ये राजेशाही हटवून सत्तेवर आलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचे. १६५८ मध्ये तो वारला तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत राजासारखे पुरले. राजेशाही परतल्यावर ३० जानेवारी १६६१ रोजी, राजा पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाच्या तारखेलाच, ते प्रेत उकरून टायबर्नला फासावर लटकवले आणि मुंडके खांबावर टांगले. १८९९ मध्ये त्याच वेस्टमिन्स्टरमध्ये, संसदेच्या आवारात, त्याचा पुतळा उभा राहिला. आयर्लंडमधल्या ड्रोहेडा इथे क्रॉमवेलच्या सैन्याने १६४९ मध्ये केलेली कत्तल न विसरलेल्या आयरिश सदस्यांनी विरोध केल्यामुळे त्यासाठी संसदेचा पैसा मिळू शकला नाही. मुंडके केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात पुरले गेले ते थेट १९६० मध्ये.

वजाबाकीचा मोह

माओ त्सेतुंगच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, जून १९८१ मध्ये, चिनी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या इतिहासाविषयी एक ठराव केला. सांस्कृतिक क्रांती ही गंभीर चूक होती आणि तिची मुख्य जबाबदारी माओची, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र एकंदरीत त्याचे कार्य प्रधान आणि चुका दुय्यम, असा निष्कर्ष काढला आहे. लोकांच्या तोंडी हा निष्कर्ष ‘सत्तर टक्के बरोबर, तीस टक्के चूक’ असा रुळला. एखाद्या सत्ताधारी पक्षाने आपल्या संस्थापकाच्या चुका लेखी मान्य कराव्यात, हे विशेष आहेच. पण त्या तीस टक्क्यांत कोण कोण येते? शेती आणि उद्योग घाईने वाढवण्याच्या माओच्या ‘मोठ्या झेपे’नंतरच्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अंदाज सुमारे दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. पोलाद, साक्षरता, आयुर्मान यांतली वाढ दुसऱ्या पारड्यात टाकली म्हणून भुकेने मेलेल्यांपैकी एकाचेही मरण कमी होत नाही. ज्यांना लाभ झाला ते आणि ज्यांनी किंमत मोजली ते वेगवेगळे लोक होते, म्हणूनच ही वजाबाकी लागू होत नाही. शिवाय हिशेब मांडणारा पक्षच त्या वारशाचा मालक होता.

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या बाबतीत हीच अडचण नऊ दिवसांच्या अंतरात दिसते. २८ जुलै १९६५ रोजी त्यांनी व्हिएतनाममधले सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा केली. ६ ऑगस्टला त्यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवणारे अडथळे कायद्याने मोडून काढले. तोच माणूस, तोच काळ, संसदेकडून काम करवून घेण्याची तीच हातोटी. यांपैकी एका निर्णयाने दुसरा फिटत नाही आणि डागाळतही नाही.

इंदिरा गांधींविषयीचा वादही असाच अडकतो. १९७१ चे युद्ध आणि बांगलादेशाची निर्मिती एका बाजूला. जून १९७५ ते मार्च १९७७ ची आणीबाणी, वृत्तपत्रांवरचे नियंत्रण, विनाचौकशी अटक आणि सक्तीची नसबंदी दुसऱ्या बाजूला. निवडणूक त्यांनीच जाहीर केली आणि हरल्यावर पायउतार झाल्या, हे तिसरे वास्तव दोन्ही गट आपापल्या सोयीने मांडतात. शाह आयोगाने १९७८ मध्ये आणीबाणीतल्या अतिरेकांची कागदोपत्री नोंद केली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ जाहीर केला. पहिली चौकशी पुराव्याची होती, दुसरी घोषणा राजकीय आहे. दोन्हींचे मोल सारखे धरता येणार नाही.

वजाबाकी सोडली तर उरते ते काम चिकाटीचे आहे. प्रत्येक निर्णय सुटा घ्यायचा: तो खरोखर त्या नेत्याचा होता का, परिणामांची कल्पना त्याला होती का, दुसरा मार्ग समोर होता का, इशारा देणाऱ्यांचे त्याने काय केले आणि चूक उघड झाल्यावर पाऊल मागे घेतले का. यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांवरून माणूस जितका कळतो तितका त्याच्या भाषणांवरून कळत नाही.

‘त्या काळी सगळेच तसे होते’

मृत नेत्याच्या बचावात हा मुद्दा सर्वाधिक येतो. गेलेल्यांना आजच्या मापाने मोजू नये, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. पण त्या काळाची मापे कोणती होती हे आधी तपासायला हवे. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड १८८५ ते १९०८ पर्यंत काँगोचा जणू खाजगी मालक होता. रबर गोळा करून घेण्यासाठी तिथे ओलीस ठेवणे, फटके मारणे, हात तोडणे हे प्रकार चालत. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स यांनी १८९० मध्येच काँगोतून लिओपोल्डला खुले पत्र लिहून अत्याचारांचा पाढा वाचला होता. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या काळच्या मापांनीही लिओपोल्ड दोषी होता. माप हाती घेतलेल्यांचे बराच काळ कुणी ऐकले नाही, एवढेच. काँगो सोडण्याआधी त्याने तिथल्या कारभाराची कागदपत्रे जाळून टाकायला लावली. आपण वावगे काही केले नाही असे मानणारा माणूस दप्तर जाळत नाही.

पुरावा आणि काळ

काळ गेला की निवाडा आपोआप निष्पक्ष होतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा. काळाबरोबर कागद खुले होतात: ब्रिटनमध्ये सरकारी दप्तरे तीस वर्षांनी खुली करण्याचा नियम होता, तो नंतर वीस वर्षांवर आणला गेला. पण कागद कुणी, केव्हा आणि कोणत्या रागलोभाने लिहिले हे पाहिले नाही तर चूक शतकानुशतके टिकते. छत्रपती संभाजी महाराजांची व्यसनी आणि उतावीळ राजा ही प्रतिमा मुख्यतः बखरींतून पसरली. त्यांपैकी मल्हार रामराव चिटणीस यांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली आणि तिच्या लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनी कटाच्या आरोपावरून देहदंड दिला होता. वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन पत्रे आणि कागद जमवून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा ही प्रतिमा मुळापासून तपासली गेली. नाटकांनी आणि कथांनी तोवर पिढ्यान्पिढ्या ती गिरवली होती.

वर्तमानाचे प्रश्नही मृतांचे स्थान बदलतात. अमेरिकी अध्यक्षांच्या क्रमवारीसाठी सी-स्पॅन वाहिनी इतिहासकारांचा कौल घेते. युलिसीस ग्रांट २००० मध्ये ३३ वे होते, २०२१ मध्ये २० वे झाले. वुड्रो विल्सन सहाव्या स्थानावरून तेराव्यावर घसरले. दोघांची कृत्ये तीच राहिली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे ग्रांटने केलेले रक्षण आणि विल्सनच्या काळात सरकारी कचेऱ्यांत वाढलेला वर्णभेद यांकडे पाहणारी नजर बदलली. हे इतिहासाशी खेळणे नव्हे, आधी डोळ्याआड केलेले दिसू लागणे आहे. उलट दिशेनेही असे घडते. स्टालिनचे प्रेत १९६१ मध्ये लेनिनच्या समाधीतून काढले गेले, तरी २०१९ मध्ये रशियातल्या लेवादा केंद्राच्या पाहणीत सुमारे ७० टक्के लोकांनी देशाच्या इतिहासातली त्याची भूमिका सकारात्मक मानली. लोकमत हा पुरावा नसतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

जागेनुसारही उत्तर पालटते. विन्स्टन चर्चिल यांना २००२ मध्ये बीबीसीच्या प्रेक्षकांनी सर्वश्रेष्ठ ब्रिटिश व्यक्ती म्हणून निवडले. बंगालमध्ये त्यांचे नाव १९४३ च्या दुष्काळाशी जोडून घेतले जाते, ज्यात सुमारे ३० लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. त्यांच्या वैयक्तिक जबाबदारीच्या वाट्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण नाझी जर्मनीविरुद्धची त्यांची झुंज सांगताना बंगाल तळटीपेत ढकलणारे चरित्र अपुरेच म्हणावे लागेल.

पीडितांची साक्ष

ज्यांना सोसावे लागले त्यांची साक्ष घेतल्याशिवाय कोणतेही मूल्यमापन पुरे होत नाही, आणि नेमकी तीच सर्वांत उशिरा घेतली जाते. चिलीत लोकशाही परतल्यावर नेमलेल्या रेटिग आयोगाने घरोघरच्या हकिकती गोळा करून १९९१ मध्ये सव्वादोन हजारांहून अधिक मृत आणि बेपत्ता व्यक्तींची नोंद केली, तीही पिनोचे जिवंत आणि सरसेनापतिपदावर असताना. स्पेनने उलटा मार्ग धरला. हुकूमशहा फ्रान्सिस्को फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी मेला, १९७७ मध्ये सर्वांना माफी देणारा कायदा झाला आणि विस्मरणाचा जणू करार झाला. लोकशाही सुखरूप उभी राहिली हे त्याचे श्रेय आहे. पण सामूहिक खड्ड्यांत पुरलेल्यांचे नातेवाईक म्हातारे होत गेले आणि फ्रँको मात्र बळजबरीने राबवलेल्या कैद्यांच्या हातांनीही बांधल्या गेलेल्या भव्य स्मारकात पडून राहिला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याचे अवशेष तिथून एका साध्या दफनभूमीत हलवले गेले. २०२२ च्या लोकशाही स्मृती कायद्याने त्याच्या राजवटीतल्या राजकीय शिक्षा रद्दबातल ठरवल्या आणि बेपत्तांचा शोध घेणे ही सरकारची जबाबदारी केली. तोवर ते उत्खनन बहुतांशी नातेवाईक आणि स्वयंसेवक आपल्या हिमतीवर करत होते.