युद्धवार्ताहरांच्या चित्रकथा

ऐतिहासिक युद्धांचे चित्रण वृत्तपत्रीय बातमीदाराच्या नजरेतून करणारा चित्रकथांचा एक प्रकार. त्यात दोन परंपरा दिसतात. एकीत बातमीदार हे काल्पनिक पात्र असते आणि लेखक व चित्रकार त्याच्या तोंडून युद्ध सांगतात. दुसरीत चित्रकार स्वतः बातमीदार होऊन संघर्षाच्या प्रदेशात जातो, किंवा तेथे जाऊन आलेल्या खऱ्या बातमीदाराची हकिकत रेखाटतो. सैनिक नायक असलेल्या युद्धकथेत कथानक त्याच्या पराक्रमावर किंवा मृत्यूवर चालते. बातमीदार लढत नसल्याने येथे लढाईचा निकाल दुय्यम ठरतो आणि ती कोणी पाहिली, कोणी सांगितली व सांगताना काय गळले, हे प्रश्न कथेच्या मध्यभागी येतात.

या प्रकाराची मुळे एकोणिसाव्या शतकातील सचित्र साप्ताहिकांत शोधावी लागतात. ‘द टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याने क्रिमियन युद्धातील बालाक्लाव्हाच्या लढाईचे (२५ ऑक्टोबर १८५४) केलेले वर्णन लंडनमध्ये छापून यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्याच युद्धात कॉन्स्तांतँ गीज हा १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’साठी आघाडीवरून रेखाटने पाठवीत होता. रॉजर फेंटन १८५५ मध्ये कॅमेरा घेऊन क्रिमियात पोहोचला खरा. पण तेव्हाच्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्यांवर चित्र उमटायला लागणारा वेळ पाहता धावता घोडा किंवा फुटणारा तोफगोळा टिपणे अशक्य होते, म्हणून हालचालीचे चित्र काढणे चित्रकाराकडेच राहिले. अमेरिकन यादवी युद्धात आल्फ्रेड वॉड, विन्स्लो होमर प्रभृतींनी ‘हार्पर्स वीकली’साठी हेच काम केले. मात्र वाचकाच्या हाती पडणारे चित्र आघाडीवरच्या चित्रकाराचे जसेच्या तसे नसे. घाईत काढलेले पेन्सिलचे रेखाटन टपालाने कचेरीत येई, ते लाकडी ठोकळ्यावर उतरवले जाई, ठोकळ्याचे तुकडे करून वेगवेगळ्या कोरक्यांना वाटले जात आणि कोरून झाल्यावर पुन्हा एकत्र जोडले जात. पाहणारा एक आणि चित्र पुरे करणारे अनेक, अशी ही पद्धत होती. प्रत्यक्षदर्शी चित्र कितपत विश्वासार्ह मानावे, हा या प्रकाराला आजही चिकटलेला प्रश्न तेथूनच सुरू होतो.

चौकटी आणि संवादाचे फुगे असलेल्या चित्रकथेत बातमीदार लवकर आला, पण त्याचा पेशा बराच काळ निव्वळ सोयीचा होता. एर्जे या बेल्जियन चित्रकाराचा टिनटिन १० जानेवारी १९२९ रोजी एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीत बातमीदार म्हणूनच अवतरला. तथापि पहिल्या कथेत लांबलचक बातमीपत्र लिहिल्यानंतर तो लिहिताना क्वचितच दिसतो. तरीही १९३४–३५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली ‘द ब्लू लोटस’ ही त्याची कथा येथे महत्त्वाची ठरते. जपानी सैन्याने १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्वतःच स्फोट घडवून मांचुरियावरील आक्रमणाचे निमित्त केले. एर्जेने हा प्रसंग रेखाटला आणि त्यापाठोपाठ ती बातमी रेडिओवरून व वृत्तपत्रांतून कशी फुगत गेली, तेही दाखवले. बातमी हेच युद्धाचे हत्यार बनते, हे मुलांच्या चित्रकथेत इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच आले असेल. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्लार्क केंट या बातमीदाराच्या, म्हणजेच सुपरमॅनच्या, निर्मात्यांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली : हा महाबली एका दिवसात युद्ध संपवू शकत असेल, तर तो सैन्यात का नाही? १९४२ च्या चित्रपट्टीत भरतीच्या वेळी तो आपल्या आरपार पाहणाऱ्या नजरेमुळे भिंतीपलीकडच्या खोलीतला दृष्टितपासणीचा तक्ता वाचून बसतो व दृष्टिदोषामुळे अपात्र ठरतो. युक्ती मजेशीर आहे, पण तिच्यामुळे बातमीदारी युद्धाच्या बाहेरच राहिली.

काल्पनिक युद्धवार्ताहराला पूर्ण रूप अर्जेंटिनात मिळाले. लेखक एक्तोर हेर्मान ओस्तेरहेल्ड आणि इटालियन चित्रकार ह्यूगो प्रॅट यांनी १९५७ मध्ये ‘ओरा सेरो’ या नियतकालिकातून ‘एर्नी पाइक’ ही मालिका सुरू केली. नावामागची प्रेरणा उघड आहे. सामान्य सैनिकांविषयी लिहून १९४४ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणारा अमेरिकन वार्ताहर एर्नी पाइल १८ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाजवळच्या इए बेटावर गोळी लागून ठार झाला होता. पाइकचा चेहरा मात्र प्रॅटने खुद्द ओस्तेरहेल्डवरून काढला, त्यामुळे लेखकच वार्ताहराच्या गणवेशात पानावर वावरतो. पाइक बहुतेक कथांत कडेला उभा असतो. काहींत तो सुरुवातीच्या व शेवटच्या चौकटींपुरताच दिसतो. कथा इतरांची असते : भेदरलेला शिपाई, हट्टी अधिकारी, आणि तितक्याच आस्थेने रंगवलेला जर्मन किंवा जपानी सैनिक. महायुद्ध संपून जेमतेम बारा वर्षे झालेली असताना आणि बाजारात विजेत्यांच्या शौर्यकथांची चलती असताना ही भूमिका धाडसाची होती, आणि ती पेलली वार्ताहर या निवेदकामुळे. कोणत्याही एका सैन्याच्या बाजूने बोलण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. पुढे प्रॅटशिवाय इतर चित्रकारांनीही ही मालिका काढली. ओस्तेरहेल्डला १९७७ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने पळवून नेले आणि तो परतला नाही. त्याच्या चारही मुली त्याच राजवटीच्या बळी ठरल्या.

प्रॅटने पुढे कोर्तो माल्तेस या खलाशावरील आपल्या प्रसिद्ध मालिकेत, नायकाच्या तरुणपणाच्या कथेत, खराखुरा वार्ताहर आणला. रशिया-जपान युद्धाच्या अखेरीस मांचुरियात घडणाऱ्या या कथेत कादंबरीकार जॅक लंडन आहे. लंडन १९०४ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रमालक हर्स्टच्या वृत्तपत्रांसाठी हे युद्ध टिपायला गेला होता व जपानी अधिकाऱ्यांनी त्याला अटकही केली होती. पण युद्ध संपण्याच्या बऱ्याच आधी तो अमेरिकेत परतला होता. प्रॅटला ही विसंगती खटकली नसावी, आणि साहसकथेत ती खपूनही जाते. मात्र ऐतिहासिक व्यक्तींची नावे वापरणाऱ्या चित्रकथेकडे इतिहास म्हणून पाहण्यापूर्वी तारखा तपासाव्या लागतात, ते यासाठीच.

दुसऱ्या परंपरेला, म्हणजे चित्रकार-बातमीदाराच्या परंपरेला, आजचे रूप जो सॅकोने दिले. १९६० मध्ये माल्टात जन्मलेल्या सॅकोने पत्रकारितेचे शिक्षण घेतले होते. पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या, काळात, १९९१–९२ च्या हिवाळ्यात, तो पॅलेस्टिनी प्रदेशांत राहिला आणि त्यातून ‘पॅलेस्टाइन’ (१९९३–९५) ही नऊ अंकांची मालिका निघाली. त्यानंतर बोस्नियातील युद्धावर ‘सेफ एरिया गोराझ्दे’ (२०००) व ‘द फिक्सर’ (२००३) ही पुस्तके आली. सॅको बहुतेक कथांत स्वतःला रेखाटतो. त्याच्या चष्म्याच्या काचा मात्र कोऱ्या असतात, डोळे दिसत नाहीत. तो जागेवर फारसे चित्र काढत नाही. टिपणे, ध्वनिमुद्रित मुलाखती आणि छायाचित्रे गोळा करून तो घरी परततो आणि मग पाने रचतो. त्यामुळे साक्षीदारांना तो इतर बातमीदार सहसा विचारणार नाहीत असे प्रश्न विचारतो : भिंत किती उंच होती, अंगावर कोणते कपडे होते, सैनिक कोणत्या बाजूने आले. लिहिणाऱ्याला ‘गर्दी जमली’ एवढ्या दोन शब्दांत भागवता येते. चित्रकाराला त्या गर्दीतला प्रत्येक माणूस कुठेतरी उभा करावा लागतो.

सॅकोचे ‘फूटनोट्स इन गाझा’ (२००९) या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेले काम आहे. एका अमेरिकन मासिकासाठी केलेल्या वार्तांकनातून १९५६ च्या खान युनिस हत्याकांडाचा मजकूर गाळला गेला आणि त्या गाळलेल्या मजकुरातून हे पुस्तक उभे राहिले. सुएझ संघर्षाच्या वेळी इस्रायली सैनिकांनी खान युनिस व रफाह येथे पॅलेस्टिनींना ठार केले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने मृतांचे आकडे अनुक्रमे २७५ व १११ असे नोंदवले. सुमारे साडेचार दशकांनंतर सॅको वृद्ध साक्षीदारांना शोधतो आणि त्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, हे झाकत नाही. एक वृद्ध आपल्या भावांच्या हत्येच्या वेळी आपण तिथेच होतो असे सांगतो व सॅको ते रेखाटतो. पुढे त्याच कुटुंबाशी संबंधित इतर जण तो तेथे नव्हताच असे सांगतात. काढून झालेले चित्र सॅको मागे घेत नाही. वाचकाने आधी डोळ्यांनी पाहिलेला प्रसंगच संशयास्पद ठरतो, आणि मजकुरातल्या तळटीपेने जे क्वचितच साधले असते ते येथे साधते.

रेखाटन आणि छायाचित्र यांचा मेळ ‘द फोटोग्राफर’ या फ्रेंच चित्रकथेत (तीन खंड, २००३–०६) दिसतो. दिदिए लफेव्र हा छायाचित्रकार १९८६ मध्ये सोव्हिएत फौजांविरुद्ध लढणाऱ्या अफगाणिस्तानात वैद्यकीय पथकाबरोबर पेशावरहून डोंगरवाटांनी गेला. त्याने सुमारे ४,००० छायाचित्रे काढली. त्यांपैकी जेमतेम सहा त्या वर्षाअखेरीस फ्रेंच वृत्तपत्रात छापली गेली. एमॅन्युएल गिबेरने त्याच्याकडून हकिकत ऐकून घेतली आणि फ्रेदेरिक लमेर्सिएने रंग व मांडणी सांभाळली. पानांवर लफेव्रच्या फिल्मच्या लहान चौकटी ओळीने येतात आणि जेथे फोटो नाही तेथे गिबेरचे चित्र येते. परतीच्या वाटेवर वाटाड्यांनी टाकून दिलेला लफेव्र बर्फाच्या खिंडीत थकलेल्या घोड्याजवळ बसतो, रुंद कोनाची भिंग लावतो आणि आपण कुठे मेलो हे लोकांना कळावे म्हणून जमिनीलगतून फोटो घेतो. तो फोटो पुस्तकात आहे.

या प्रकारावरील आक्षेपांपैकी चित्रकथा उशिरा येते, हा आक्षेप फारसा टिकत नाही; ऐतिहासिक युद्धांबाबत घाईला अर्थ नसतो. बाहेरून आलेला बातमीदार केंद्रस्थानी बसतो आणि स्थानिक माणसे त्याची पार्श्वभूमी होतात, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘द फिक्सर’मध्ये सॅकोने तो स्वतःवरच ओढून घेतला : वेढ्यातून बाहेर पडलेल्या साराएव्होतला वाटाड्या परदेशी वार्ताहरांना भेटीगाठी आणि कथा पुरवून पैसे कमावतो, आणि त्यातल्या किती खऱ्या हे विकत घेणाऱ्यालाही ठरवता येत नाही. वार्ताहरांच्या दंतकथांचा प्रश्न याहून बिकट आहे. छायाचित्रकार रॉबर्ट कापाने ६ जून १९४४ रोजी, दोस्त फौजा फ्रान्समधील नॉर्मंडीत उतरल्या तेव्हा, ओमाहा किनाऱ्यावर काढलेली बहुतेक छायाचित्रे प्रयोगशाळेतील चुकीने वितळली, ही कथा दशकानुदशके सांगितली गेली. २०१४ मध्ये मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेच्या सहकार्याने त्या दिवसावर फ्रेंच चित्रकथा निघाली, आणि त्याच वर्षी संशोधकांनी वितळलेल्या फिल्मची ही कथा तांत्रिकदृष्ट्या अशक्य असल्याचे पुराव्यांनिशी मांडायला सुरुवात केली. कापावर चित्रकथा काढणाऱ्यापुढे तेव्हापासून हा पेच आहे : प्रयोगशाळेतला तो प्रसंग रेखाटला तर तो वाचकाच्या मनात घडलेली गोष्ट म्हणून ठसतो, आणि गाळला तर कापाने स्वतःबद्दल रचलेली किंवा रचू दिलेली कथा, जी त्याच्या चरित्राचाच भाग आहे, हातची जाते.