मारुतीच्या कमरेपासून ऑरेंज अलर्टपर्यंत

नाशकात पावसाची झड लागली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकच प्रश्न असतो, मारुतीला कुठपर्यंत आलंय? मारुती म्हणजे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती, नदीच्या पात्रातली उंच मूर्ती. उत्तरंही ठरलेली, पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला, छातीला, आणि मग एकदम, बुडाला. माझ्या आजीला क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते) म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही पण छातीला पाणी म्हटलं की ती लगेच भांडीबाजारातल्या मामाला फोन लावायला सांगायची, खालच्या फळीवरचा माल माळ्यावर टाक म्हणावं. मामा तोपर्यंत पितळी पातेली गोणपाटात बांधत असायचाच.

मारुतीच्याही वरचं माप म्हणजे घाटावरच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा. देऊळ १७४७ चं, आणि घंटा पोर्तुगीजांची, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली त्या विजयाची खूण. तिला पाणी लागलं म्हणजे महापूर, असा नाशिकचा हिशोब. १९६९ चा पूर ज्यांनी पाहिलाय ते अजून प्रत्येक पुराची तुलना त्याच्याशीच करतात, त्यानंतर सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९, ही सालं पंचवटीत कुणालाही झोपेतून उठवून विचारा.

पण मारुती काय किंवा घंटा काय, आलेलं पाणी दाखवतात. येणारं नाही. येणारं सांगायचं काम ज्या खात्याचं, त्याची सुरुवात आपल्यापासून फार लांब आणि अगदी वेगळ्या कारणासाठी झाली. १८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झालं, बंदरातली जहाजं गेली, माणसं तर हजारोंनी गेली, पाठोपाठ १८६६ चा दुष्काळ, मग १८७५ मध्ये हवामान खातं उभं राहिलं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. कुलाब्याची वेधशाळा त्याच्याही आधीची, १८२६ ची, म्हणून आपल्याकडे अजूनही लोक हवामान खातं न म्हणता वेधशाळा म्हणतात. मुख्य कचेरी पुढे सिमल्याला गेली, १९२८ मध्ये पुण्याला आली, नंतर दिल्लीला गेली, आणि पुण्यातले लोक त्या शिवाजीनगरच्या इमारतीला आजही सिमला ऑफिसच म्हणतात.

सुरुवातीचे इशारे जहाजांसाठी होते हे लक्षात घ्या. बंदरात उंच खांबावर दिवसा खुणा आणि रात्री दिवे लावायचे, तोच धोक्याचा बावटा, आणि अजूनही कोकणात तीन नंबरचा बावटा लागला म्हटलं की कोळी होड्या बाहेर काढत नाहीत. नाशिकसारख्या समुद्रापासून लांबच्या गावाला बावटा कुठून दिसणार. शेतकऱ्यांसाठी वेगळं हवामान बुलेटिन १९४५ मध्ये सुरू झालं आणि पुढे रेडिओवरून ते घराघरात पोचलं. म्हणजे खातं निघाल्यावर तब्बल ७० वर्षांनी.

रेडिओच्या त्या बातम्या आठवतात का, "येत्या चोवीस तासांत मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस". आमच्याकडे सगळे तुरळक म्हणजे हलका पाऊस समजायचे आणि मग ओझरला ढगफुटीसारखा कोसळला की वेधशाळेला शिव्या. खरं तर तो शब्द जागेबद्दल आहे, जोराबद्दल नाही. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजायच्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पाऊणपर्यंत, सर्वदूर म्हणजे त्याच्याही पुढे. इतका नेमका शब्द आणि आपण इतकी वर्षं उलटा वाचला, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्याने ऐकून दुर्लक्ष केलं त्याचं नुकसान झालं.

मोठा बदल झाला तो मोठ्या मरणांनंतर. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. २०१३ ला फायलिन वादळ पुन्हा ओडिशावरच धडकलं, पण ह्या वेळी लाखो लोकांना आधी हलवलं होतं आणि मृत्यू दोन आकडी राहिले. इशाऱ्याने काय होतं असं कुणी विचारलं की मी १९९९ आणि २०१३ हे दोनच आकडे सांगते.

आता इशाऱ्याच्या रंगांकडे येते, कारण खरा गोंधळ इथेच आहे. हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. लोकांना वाटतं हे पावसाचं माप आहे. माप वेगळं आहे, २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. रंग सांगतो की तुम्ही काय करायचं, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हला. तो ठरवताना घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर त्रास किती, दोन्ही बघतात. त्यामुळे यलो अलर्ट आहे म्हणजे काही नाही असं म्हणून सोमेश्वरच्या धबधब्याला खडकावर बसून सेल्फी काढणं, दरवर्षी दिसतं हे आणि पोटात गोळा येतो.

दुसरं म्हणजे आपला जिल्हा. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिकडे येवला, सिन्नर, निफाडला ५०० च्या आसपास, एकाच जिल्ह्यात. म्हणून आता इशाऱ्यात नाशिक आणि नाशिकचा घाटमाथा वेगळा दाखवतात, फार चांगलं झालं. पण शहरात राहणाऱ्याने घाटमाथ्याचा रंगसुद्धा बघायला हवा, कारण त्र्यंबकला पडलेलं पाणी गंगापूर धरणात येतं आणि धरणातून सोडलेलं रामकुंडावर. शहरात ऊन पडलेलं असताना गोदाकाठी पाणी वाढू शकतं, आणि ते तसंच पुढे चांदोरी, सायखेड्याला गावात शिरतं. ह्याचा इशारा वेधशाळा देत नाही, विसर्गाचा आकडा पाटबंधारे खात्याकडून येतो, भोंग्याची गाडी घाटावर वेगळी फिरते. आणि उलटही होतं, धरणातून फार पाणी सोडलेलं नसतानासुद्धा शहरातच धो धो पडला की सरस्वती नाल्याचं पाणी सराफ बाजारात, मारुती मात्र अजून कमरेवर. आजीचं माप तिथे चुकायचं. मामाची २०० च्या वर भांडी एकदा अशीच चिखलात गेली, सगळे नदीकडे बघत होते आणि पाणी मागून आलं.

पूर हाच एक धोका नाही. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना विचारा. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ, फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट. बाग काही उचलून घरात ठेवता येत नाही, इशारा मिळाला तरी गार पडायची ती पडते, पण तयार घड आदल्या दिवशी उतरवता येतात, उघड्यावरच्या कांद्यावर ताडपत्री टाकता येते, पाऊस उघडल्यावर डाऊनी ह्या बुरशीच्या रोगावरची फवारणी लगेच घेता येते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ अलिबागजवळ जमिनीवर आलं आणि कमजोर होत उत्तर मध्य महाराष्ट्राकडे सरकलं, तेव्हा दोन दिवस आधीपासून सांगत होते म्हणून आमच्या शेजारच्या दादांनी शेडचे पत्रे तारेने आवळून घेतले होते.

आणि वीज. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं जातात, बहुतेक शेतात, झाडाखाली आडोशाला थांबलेली. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आजूबाजूच्या २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. जनावरं राखणाऱ्याकडे साधा फोन असतो, त्याच्यापर्यंत हे कसं पोचणार हा प्रश्न आहेच. २०२३ च्या पावसाळ्यात सगळ्यांचे फोन एकदम कर्कश्श वाजले होते, चाचणी होती ती, टॉवरच्या टप्प्यात असेल त्या फोनवर नंबर न बघता इशारा टाकायची. अर्धी कॉलनी घाबरून गॅलरीत आली होती.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सिंहस्थ कुंभमेळा. २०२७ ची मुख्य स्नानं ऐन पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरात, लाखो लोक त्याच घाटावर आणि त्यातल्या बहुतेकांना दुतोंड्या मारुती माहीत नाही. त्यांना ना कमर कळणार ना छाती. घाटाच्या पायऱ्यांवर, पुलांच्या खांबांवर पाण्याच्या पातळीचे रंगीत पट्टे मारा, मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात, इथपर्यंत आलं की वर चला आणि वर म्हणजे कुठल्या गल्लीने तेही बाण काढून. परवा रामकुंडावर फुलं विकणाऱ्या मावशींना विचारलं की पाणी वाढतंय हे तुम्हाला कसं कळतं, तर म्हणाल्या, पाणी गढूळ झालं आणि काड्या-पाला वाहायला लागला की मी टोपल्या आवरते बाई, भोंगा नंतर येतो.