मुलाची अन्न-अ‍ॅलर्जी : पडद्यावरून काय शिकता येते, काय नाही

मुलाला शेंगदाण्याची, दुधाची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असल्याचे निदान झाले की आईवडिलांच्या हाती बहुधा एक चिठ्ठी आणि ‘हे पदार्थ टाळा’ एवढाच सल्ला येतो. शाळेचा डबा, पाळणाघर, वाढदिवस, लग्नाची पंगत आणि देवळातला प्रसाद यांबाबतचे निर्णय मात्र त्याच दिवसापासून त्यांना स्वतःलाच घ्यावे लागतात. ही उणीव भरून काढण्यासाठी काही देशांत चांगले ऑनलाइन अभ्यासक्रम तयार झाले आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांची ‘अ‍ॅस्किया’ ही संस्था शाळा, पाळणाघरे आणि सर्वसामान्य नागरिकांसाठी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, तर ब्रिटनमधील ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस यूके’ या संस्थेचे ‘अ‍ॅलर्जीवाइज’ हे अभ्यासक्रम याच कामासाठी आहेत. इंग्रजी समजणाऱ्या मराठी पालकांनी ते अवश्य पाहावेत. मात्र ते तिथल्या स्वयंपाकघराला आणि तिथे मिळणाऱ्या औषधांना धरून रचलेले आहेत, हे लक्षात ठेवूनच पाहावेत.

या अभ्यासक्रमांतून सर्वांत नीट समजते ती शरीरात घडणारी प्रक्रिया. ज्या मुलाला खाल्ल्यावर लगेच उठणारी अ‍ॅलर्जी असते त्याच्या रक्तात त्या विशिष्ट प्रथिनाविरुद्ध ‘आयजीई’ जातीची प्रतिपिंडे तयार झालेली असतात आणि ती त्वचा, श्वासमार्ग व आतडे यांतील मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात. ते प्रथिन पुन्हा पोटात गेले की या पेशी हिस्टामिन आणि इतर अनेक रसायने एकदम बाहेर सोडतात. त्यातून काही मिनिटांत, क्वचित तासा-दोन तासांत, अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी, खोकला किंवा घरघर अशी लक्षणे दिसू लागतात. श्वास अडकू लागला, आवाज घोगरा झाला, मूल अचानक निस्तेज होऊन मान टाकू लागले, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस ही जिवावर बेतणारी अवस्था असू शकते आणि तेव्हा पहिले औषध अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हेच असते. घरोघरी असलेली अँटिहिस्टामिनची गोळी किंवा सिरप खाज व गांधी कमी करते, पण सुजलेला श्वासमार्ग मोकळा करू शकत नाही आणि घसरलेला रक्तदाबही सावरू शकत नाही. अ‍ॅड्रेनलिन ही दोन्ही कामे करते आणि मास्ट पेशींतून होणारा रसायनांचा स्रावही रोखते. अनेक पालक ‘आधी सिरप देऊन पाहू’ म्हणत थांबतात आणि मोलाची मिनिटे त्यातच जातात.

इथवरचे ज्ञान पडद्यावरून मिळू शकते. अडचण येते ती प्रत्यक्ष टोचण्याची वेळ आल्यावर. परदेशी व्हिडिओंमध्ये आई एक पेन काढते, मुलाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूवर दाबते आणि ठरलेली मात्रा आपोआप आत जाते. अशी स्वयंचलित पेने आपल्याकडे सहजासहजी मिळत नाहीत. मिळते ती काचेची छोटी अँप्यूल, ज्यात एक मिलिलीटरमध्ये १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन असते. मात्रा ठरते वजनावर, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलासाठी ०.१ मिलिलीटर. अँप्यूलची मान मोडून, रडणाऱ्या मुलाला धरून, एवढा थेंबभर द्रव सिरिंजमध्ये अचूक ओढायचा असतो. कॅनडातील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पालकांना हेच काम करायला सांगितले होते. लेखी सूचना समोर असूनही त्यांना सरासरी १४२ सेकंद लागले, तर आपत्कालीन विभागातील परिचारिकांना सुमारे अर्धे मिनिट पुरले. त्याहून चिंतेची बाब अशी की पालकांनी भरलेल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मात्रेत सुमारे चाळीस पटींचा फरक होता.

म्हणूनच, माझ्या मते, भारतातील पालकाने कितीही व्हिडिओ पाहिले तरी अ‍ॅलर्जीतज्ज्ञासमोर बसून स्वतःच्या हाताने सिरिंज भरून पाहिल्याशिवाय त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे समजू नये. त्यासाठी निर्जंतुक पाण्याची अँप्यूल पुरते. मुलाच्या वजनाची खूण सिरिंजवर नेमकी कुठे येते हे डॉक्टरांकडून दाखवून घ्यावे आणि वजन वाढेल तशी ती खूण बदलून घ्यावी. काही तज्ज्ञ भरलेली सिरिंज ठेवायला देतात. ती किती दिवसांनी बदलायची आणि कशी जपायची हेही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.

दुसरी अडचण स्वयंपाकघरातली आहे. परदेशी अभ्यासक्रम पाकिटावरचे लेबल वाचायला उत्तम शिकवतात. भारतातही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कठीण कवचाची फळे, सोयाबीन, ग्लूटेनयुक्त धान्ये आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट यांची नोंद पाकिटावर असावी लागते. तीळ मात्र या यादीत नाहीत. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळांची नोंद बंधनकारक झाली आहे. शिवाय मराठी घरातला शेंगदाणा पाकिटातून कमी आणि कुटाच्या डब्यातून जास्त येतो. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, आळूचे फदफदे, सुकी चटणी, एखाद्या पातळ भाजीला दाटपणा यावा म्हणून टाकलेला चमचाभर कूट, अशा कित्येक जागी तो डोळ्यांना दिसतही नाही. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिनाचा अंश उरू शकतो. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या घरी कुटाच्या डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात जाणार नाही, याची काळजी घेणे पाकिटे वाचण्याइतकेच महत्त्वाचे आहे. हात धुण्याबाबतही एक उपयुक्त निरीक्षण आहे : शेंगदाण्याचे प्रथिन हातावरून साबणाने आणि ओल्या वाइप्सने निघते, पण नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने पूर्णपणे निघत नाही. शाळेत डबे खाऊन झाल्यावर सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नये, ते यासाठीच.

भीतीही प्रमाणात ठेवायला हवी. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या तीस मुलांवर अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात पीनट बटरचा नुसता वास घेतल्याने किंवा त्वचेला स्पर्श झाल्याने एकालाही सर्वांगावर परिणाम करणारी प्रतिक्रिया आली नाही. मासे किंवा कोळंबी शिजताना निघणाऱ्या वाफेची गोष्ट वेगळी आहे. तिच्यासोबत प्रथिनाचे कण हवेत येतात.

इंटरनेटवर शिक्षणाच्या शेजारीच विक्रीही चालते आणि तिच्यापासून पालकांना जपावेसे वाटते. ‘शंभर पदार्थांची चाचणी घरबसल्या’ अशा जाहिरातींतील आयजीजी (आयजीईहून वेगळ्या जातीची प्रतिपिंडे) चाचण्या अ‍ॅलर्जीचे निदान करीत नाहीत. आयजीई चाचणीतही नुसते ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. कर्नाटकातील प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्ध आयजीई आढळले, पण संभाव्य अ‍ॅलर्जी होती १.२ टक्क्यांना. केवळ अहवाल पाहून मुलाचे दूध, गहू, अंडी, डाळी असे सगळेच बंद केले तर त्याची वाढ खुंटण्याचा धोका असतो. माहिती कोणत्या वर्षाची आहे हेही पाहावे. बाळाला शेंगदाणा उशिरा द्यावा हा जुना सल्ला, धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासाने मोडीत काढला. तरीही तो जुन्या पानांवर अजून सापडतो. अर्थात, ज्या मुलाला अ‍ॅलर्जी झालेलीच आहे त्याला घरी थोडे थोडे चारून पाहणे धोकादायक आहे.

हे शिक्षण आईवडिलांपाशीच थांबून चालत नाही, कारण मूल दिवसाचे अनेक तास आजी-आजोबांकडे, पाळणाघरातल्या ताईंकडे किंवा शाळेत असते. त्यांच्यासाठी मराठीत, एका पानावर, मुलाच्या छायाचित्रासह डॉक्टरांनी सही केलेली कृती-योजना असावी. लक्षणे कोणती, औषध कुठे ठेवले आहे आणि किती द्यायचे, मांडीवर नेमके कुठे टोचायचे, हे तीत लिहावे. टोचल्यानंतर मुलाला आडवे झोपवावे, श्वास लागत असेल तर बसते ठेवावे, पण उभे करू नये किंवा चालवू नये. १०८ वर फोन करून ‘गंभीर अ‍ॅलर्जी आहे, अ‍ॅड्रेनलिन दिले आहे’ असे सांगावे. मूल बरे दिसू लागले तरी रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टर सांगतील तितके तास तिथेच ठेवावे, कारण काही मुलांमध्ये लक्षणे ओसरल्यानंतर काही तासांनी पुन्हा उलटतात.