देवळामागे म्हणजे नेमकं कुठे? 'राइट बिहाइंड' आणि 'जस्ट बिहाइंड'

पंचवटीत यात्रेकरूंना खोल्या देणाऱ्या एक ताई माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. परवा त्यांनी परदेशी पाहुण्यांना पाठवायचा मेसेज तपासायला दिला. पहिलंच वाक्य होतं, 'अवर हाउस इज व्हेरी बिहाइंड द काळाराम टेम्पल.' मी 'व्हेरी' खोडलं.

"मग 'राइट' लिहू की 'जस्ट'? दोन्हीचा अर्थ 'अगदी'च ना, मॅडम?"

"घर देवळाच्या भिंतीला लागून आहे का?"

"छे हो, दोन गल्ल्या सोडून."

"मग 'जस्ट'."

ताईंना उत्तर मिळालं, पण पटलं नाही. त्यांचंही खरंच होतं, कारण शब्दकोश उघडला तर दोन्हींपुढे 'अगदी', 'बरोबर', 'नेमका' अशीच रांग दिसते.

आधी त्या बिचाऱ्या 'व्हेरी'चं बघू. आपला 'अगदी' कुठेही खपतो : अगदी छान, अगदी हळू, अगदी मागे, अगदी सहाच्या ठोक्याला. इंग्रजीत या कामाची वाटणी झाली आहे. विशेषणापुढे आणि क्रियाविशेषणापुढे 'व्हेरी' येतो. 'बिहाइंड द टेम्पल', 'आफ्टर द आरती' अशा स्थळकाळाच्या पदबंधापुढे मात्र 'राइट', 'जस्ट', 'स्ट्रेट', 'वेल' ही मंडळी लागतात. 'व्हेरी नियर' चालतं, कारण 'नियर' अर्धंमुर्धं विशेषणच आहे आणि त्याचं 'नियरर' होतं. 'बिहाइंडर' काही होत नाही. (अमेरिकेच्या दक्षिणेत आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलींत 'राइट टायर्ड' ऐकू येईल. ऐकावं आणि सोडून द्यावं.)

जागेचंही एक आहे. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे येतं, त्यामुळे 'अगदी देवळामागे' म्हणा किंवा 'देवळाच्या अगदी मागे' म्हणा, कुणी अडवत नाही. इंग्रजीत हा शब्द सगळ्यांच्या पुढे, दारातच उभा राहतो : 'राइट बिहाइंड द टेम्पल'. 'बिहाइंड राइट द टेम्पल' असं कधीच होत नाही.

आता मुख्य भानगड. 'राइट' अंतर पुसून टाकतो. 'जस्ट' थोडंसं का होईना, अंतर ठेवतो. 'राइट आफ्टर द आरती' म्हणजे आरती संपली रे संपली की लगेच. 'जस्ट आफ्टर सिक्स' म्हणजे सहा वाजून पाचसात मिनिटं. बोलताना इंग्रज माणूसही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकतो. 'राइट अराउंड द कॉर्नर' आणि 'जस्ट अराउंड द कॉर्नर' यांत शोधूनही फारसा फरक सापडत नाही, त्यामुळे तिथे डोकं शिणवू नये.

फरक बोचतो तो आकड्यांपाशी. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे 'जस्ट ओव्हर १६०० मीटर्स'. त्र्यंबकेश्वर नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटर, म्हणजे 'जस्ट अंडर ३० किलोमीटर्स'. इथे 'राइट अंडर' म्हटलं की ऐकणारा वाकून खाली बघायचा, कारण 'राइट अंडर द ब्रिज' म्हणजे पुलाच्या बरोब्बर खाली. आकड्याच्या अलीकडे-पलीकडे थोडी फट असते, आणि फट म्हटली की ती 'जस्ट'ची.

यामागे एक सरळ हिशोब आहे. काही शब्दयोगी अव्ययांच्या आधी माप ठेवता येतं : 'टेन मीटर्स बिहाइंड', 'टू अवर्स आफ्टर'. 'जस्ट'मधलं 'जरासं' हेही एक मापच, म्हणून ते तिथे फिट बसतं. 'अ‍ॅट', 'इन', 'टू' यांच्याआधी मात्र माप बसत नाही. 'टेन मीटर्स अ‍ॅट द टेम्पल' कोण म्हणेल? मग तिथे गेलेला 'जस्ट' बहुतेक वेळा दुसरा अर्थ धरतो : 'फक्त'. 'राइट इन नाशिक' म्हणजे भर नाशकात. 'जस्ट इन नाशिक' म्हणजे नाशिकमध्येच, दुसरीकडे नाही. 'जस्ट अ‍ॅट दॅट मोमेंट' हा याला अपवाद. तिथे 'नेमक्या त्याच क्षणी' हा अर्थ टिकून आहे.

वर्गात हे सगळं फळ्यावर मांडलं तेव्हा निम्मे चेहरे कोरे होते. मग मी दुतोंड्या मारुतीला बोलावलं.

गोदाघाटावरचा हा मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांत क्युसेकचे आकडे येतात, पण घरोघरी प्रश्न एकच असतो : मारुती कुठवर बुडाला? समजा पाणी छातीला लागलं. 'द वॉटर केम राइट अप टू हिज चेस्ट' म्हटलं तर बोलणाऱ्याच्या आवाजात धास्ती आहे : थेट छातीपर्यंत चढलं हो! 'जस्ट अप टू हिज चेस्ट' म्हटलं तर सुटकेचा सूर येतो : छातीपर्यंतच आलं, किंवा छातीला जेमतेम टेकलं. पाणी बोटभरही हललेलं नाही, तरी एका शब्दाने पूर वाढला आणि दुसऱ्याने ओसरला. लांब पल्ला पार करून टोक गाठलं, हे सांगायला 'राइट' येतो. टोकापाशी येऊन थांबलं, हे सांगायला 'जस्ट'. मराठीत हा भेद आपण रोज करतो, 'थेट' आणि 'च' लावून. फक्त इंग्रजी बोलताना दोघांनाही 'अगदी'च्या पोत्यात कोंबतो.

हे ऐकून मागच्या बाकावरचे रिक्षावाले काका खुलले. म्हणाले, "मग 'वेंट राइट पास्ट अशोकस्तंभ' म्हणजे रिक्षा थांबलीच नाही, सरळ पुढे गेली. आणि 'स्टॉप्ड जस्ट पास्ट अशोकस्तंभ' म्हणजे स्तंभ ओलांडून जरा पुढे उभी केली. बरोबर ना?" शंभर टक्के बरोबर. मी अर्धा तास घेतला होता, काकांना दोन वाक्यं पुरली.

पंचवटी एक्सप्रेस रोज पकडणाऱ्यांसाठी आणखी एक जोडी : 'राइट ऑन टाइम' म्हणजे गाडी ठरल्या मिनिटाला आली. 'जस्ट इन टाइम' म्हणजे आपण धापा टाकत कसंबसं डब्यात शिरलो.

गंमत म्हणजे विशेषण म्हणून दोन्ही शब्द 'न्याय्य, योग्य' याच अर्थाचे. 'राइट' जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ 'सरळ'. आपल्या संस्कृतातला 'ऋजु' त्याचा लांबचा भाऊ. 'जस्ट' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, आणि फ्रेंचमध्येही तो आजवर 'नेमकं' आणि 'फक्त' अशा दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. म्हणजे त्याचा दुटप्पीपणा घराण्यातलाच.

व्याकरणकारांना 'राइट' वेगळ्याच कारणासाठी आवडतो. 'मागे बस' यातला 'मागे' क्रियाविशेषण आणि 'देवळामागे बस' यातला शब्दयोगी, असं आपण शाळेत घोकलं. इंग्रजीतही जुनी विभागणी अशीच होती. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी २००२ सालच्या व्याकरणात 'डाउन', 'इन्साइड' हे शब्द एकटे आले तरी शब्दयोगीच मानले, आणि त्यासाठी 'राइट' हा एक पुरावा म्हणून वापरला : 'राइट डाउन' जमतं, 'राइट क्विकली' प्रमाण इंग्रजीत जमत नाही. त्यामुळेच 'डाउन बाय द रिव्हर' अशी दुपेडी रचना जुळते. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि 'खाली गंगेवर जाऊन येतो' म्हणतो ना, अगदी तशीच. तिच्यापुढेही 'राइट' लावता येतो.

ताईंचा मेसेज शेवटी असा झाला : 'जस्ट बिहाइंड द काळाराम टेम्पल, अ शॉर्ट वॉक फ्रॉम द रिव्हर.' त्यांनी तो वाचला आणि कपाळाला आठी घातली. "नदी जवळ म्हटलं की लोक पुराला घाबरतात. घर बरंच वर आहे, हे कसं सांगू?"

मी 'वेल अबव्ह द रिव्हर' लिहून दिलं. 'जस्ट अबव्ह' लिहिलं असतं तर पावसाळ्यातलं एकही बुकिंग टिकलं नसतं.