आईची चादर

आईच्या पलंगावरची सोलापुरी चादर माझ्या बारावीच्या वर्षी सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडबाजारातून आणलेली. एका बाजूने निळ्यावर पांढरे मोर, उलटी अंथरली की पांढऱ्यावर निळे. धुऊन धुऊन निळा विटलाय, पण पोत इतका मऊ झालाय की उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना तिच्यासाठी घरात भांडणं होतात. मागच्या दिवाळीत एक कड उसवली. मी म्हटलं, नवी आणू. आईने उत्तर दिलं नाही. सुईत दोरा ओवला, कड दुमडून धावदोरा घातला, वर एकदा उलटी टीप मारली आणि चादर अंगावर ओढून बघितली. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, त्यावर मानसशास्त्रात बरंच संशोधन झालं आहे.

२०१५ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या डॅनी टाउफिक, यान विलेम बोल्डरडाइक आणि लिंडा स्टेग यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहभागी लोकांना त्यांच्या राहणीमानाबद्दल प्रश्न विचारले. मग काहींना सांगितलं, तुमचं वागणं इतरांपेक्षा जास्त पर्यावरणपूरक आहे. काहींना नेमकं उलट सांगितलं. कुणाला काय सांगायचं हे संशोधकांनीच ठरवलं होतं. नंतर विचारलं, या खोलीत तापमान किती असेल? ‘तुमचं वागणं चांगलं’ असं ऐकलेल्यांना तीच खोली जरा जास्त उबदार वाटली. आपण मराठीत ‘मनाला ऊब मिळाली’ म्हणतो, तो अनुभव असा मोजता आला.

ही ऊब येते कुठून? आपल्या हातून झालेली गोष्ट आपल्यालाच आपल्याबद्दल काहीतरी सांगते, असं याच विद्यापीठातल्या पुढच्या संशोधनातून दिसलं. ‘मी जपून वापरणारी बाई आहे’ ही खूण आईला त्या धावदोऱ्यातून मिळते. पण यात एक अट आहे, आणि सोलापूरकरांसाठी मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती कृती आपणहून केलेली असली तर ही खूण ठळक उमटते, परिस्थितीने करायला लावली तर फिकी पडते.

आपल्याकडे वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पाणी सुटलं की हातातलं काम टाकून पिंप, घागरी, कळश्या भरायच्या. कपडे धुतलेलं पाणी मोरीला नि संडासला वापरायचं. हिशेब केला तर पाण्याच्या काटकसरीत आपण कुणालाही हार जाणार नाही. तरी त्यातून समाधान मिळतं असं कुणी म्हणत नाही. थकवा येतो, चिडचिड होते. निवड असावी लागते, आणि ती नसेल तर काटकसर हे नुसतं ओझं होतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतात मनाच्या मूलभूत गरजा तीन: स्वतः ठरवता येणं, एखादी गोष्ट जमणं आणि माणसांशी नातं असणं. चादर शिवताना आईला पहिल्या दोन तरी मिळाल्या. तिसरी गच्चीवरच्या भांडणात आली, असं मी धरतो.

म्हणून ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का बघून नवी वस्तू घेतली की मन सुखावेल, हे मला अपुरं वाटतं. नव्या वस्तूची सवय होते आणि आनंद ओसरतो. वस्तूंना आयुष्यात मोठं स्थान देणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सरासरीने कमी असतं, असं मानसशास्त्रज्ञ हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. शिवाय निसर्गाचा हिशेबही वेगळाच निघतो. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८च्या अहवालानुसार, साध्या प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत कापसाची पिशवी फक्त हवामानाच्या दृष्टीने फायद्याची ठरायलाही किमान ५२ वेळा वापरावी लागते. लग्नाकार्यात मिळालेल्या कापडी पिशव्यांची चळत कपाटात नुसती पडून असेल, तर त्यांचा हिशेब सुरूच झालेला नाही.

चादरीचंही तसंच. एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. त्यातलं बरंचसं कापसाच्या शेतातच जिरतं. हे पाणी एकदाच खर्च होतं, मग चादर पाच वर्षं वापरा की पंचवीस.

एक शंका रास्त आहे: आधीच समाधानी असलेली माणसंच असं जपून वागत असतील तर? नुसत्या पाहण्यांवरून आधी काय आणि मागून काय, हे ठरवता येत नाही. ग्रोनिंगनसारखे प्रयोग म्हणूनच मोलाचे, कारण तिथे कुणाला काय ऐकवायचं ते संशोधकांच्या हातात होतं. तरी प्रयोगशाळेतली ही ऊब काही मिनिटांची. ती वर्षानुवर्षं कशी टिकते, हे मला तरी आईच्या घरीच बघायला मिळतं.

परवा गेलो तेव्हा चादरीची दुसरी कडही सुटायला लागली होती. सुईच्या डबीत निळ्या दोऱ्याचं नवं रीळ होतं. रंग जुळवायला आई चादरीचं टोक घेऊन दुकानात गेली होती म्हणे.