बालीतलं देऊळ, भाताचं पाणी आणि तुडतुडे

जुन्या धार्मिक परंपरेत काही शहाणपण असतं का, हा वाद निघाला की मला इंडोनेशियातल्या बाली बेटाची भातशेती आठवते. तिथे शेतकऱ्यांचे पाणीवाटपाचे गट असतात, त्यांना सुबक म्हणतात, आणि कुठल्या सुबकने कधी लावणी करायची, कधी रान मोकळं सोडायचं हे पाण्याच्या देवळांमधून, पूजाअर्चेसोबतच ठरतं. सगळ्यात मोठा मान बातूर तलावाच्या देवीचा, देवी दानूचा.

1970 च्या दशकात हरितक्रांती आली आणि सरकारने सांगितलं की लवकर येणारं नवीन बियाणं घ्या, देवळाचं वेळापत्रक सोडा, जमेल तितक्या वेळा पीक काढा. ऐकायला एकदम लॉजिकल! पण झालं काय, तर पाण्यावरून गोंधळ आणि तपकिरी तुडतुडे नि उंदीर इतके माजले की औषधं मारूनही आवरेनात.

कारण साधं आहे. आजूबाजूची सगळी खाचरं एकदम कापून मोकळी ठेवली की किडीला खायला उरत नाही, ती मरते, पण जो तो आपल्या सोयीने लावायला लागला की कीड या शेतातून त्या शेतात फिरत राहते. आता सगळ्या नदीकाठाने एकदम लावणी केली तर पाणी पुरणार नाही, म्हणजे किती जणांनी एकत्र लावायचं हाच खरा अवघड प्रश्न. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग आणि इकॉलॉजिस्ट जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांवरच्या 172 सुबकांचं कॉम्प्युटर मॉडेल केलं, तर देवळांच्या पद्धतीसारखी आखणीच उत्पन्नात भारी ठरली. आणि मॉडेलमधल्या प्रत्येक सुबकने फक्त ज्या शेजाऱ्याचं पीक चांगलं आलं त्याची नक्कल केली, तरी काही वर्षांत तशीच रचना आपोआप तयार झाली!

म्हणून परंपरा दिसली की मी आधी एवढंच बघतो, की चूक झाली तर ती करणाऱ्याला कळते का. बालीत दर कापणीला कळते. आपल्याकडे साप चावलेल्याला देवळात नेतात तिथे कळत नाही, कारण चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, माणूस तसाही वाचणारच असतो, श्रेय देवळाला जातं. आणि नाग किंवा घोणस असेल तर अँटीव्हेनमची वेळ तिथेच निघून जाते.